संकटातील घर

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी म्हण आहे. विपत्ती आली की जवळची माणसेही पाठ फिरवतात, असा तिचा अर्थ. विज्ञानकल्पनांवर आधारलेल्या कित्येक दूरचित्रवाणी मालिका जणू या म्हणीचीच परीक्षा पाहतात. त्या एका कुटुंबावर अघटित संकट आणतात आणि त्याचे वासे फिरतात की टिकतात, हे आपल्यापुढे मांडतात.

‘लॉस्ट इन स्पेस’ ही अमेरिकन मालिका १९६५ साली सुरू झाली. रॉबिन्सन दांपत्य आपल्या तीन मुलांसह दूरच्या ताऱ्याकडे निघते. परंतु घातपातामुळे त्यांचे यान भरकटते. घातपात करणारा डॉ. स्मिथ स्वतःही त्याच यानात अडकलेला असतो. त्याच्या कपटाचा पुनःपुन्हा अनुभव येऊनही हे कुटुंब त्याला वाऱ्यावर सोडत नाही. आपल्यातला घास त्याला देते.

ब्रिटनमध्ये १९७५ साली बीबीसीने ‘सर्व्हायव्हर्स’ ही मालिका दाखवली. एका भीषण साथीत जगातील बहुसंख्य माणसे दगावतात. पती गमावलेली अ‍ॅबी ग्रँट आपल्या मुलाच्या शोधात निघते. हा शोध चालू असतानाच ती अनोळखी, एकाकी माणसांना एकत्र आणते. त्यांत अनाथ मुलेही असतात. शेती करणे, अन्न साठवणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे या कामांतून त्यांचे एक नवे घर उभे राहते. रक्ताचे नाते नसतानाही ते घरच असते.

अशा मालिका म्हणजे निव्वळ कल्पनेचे खेळ, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. संकट काल्पनिक असले, तरी त्यात पडलेला पेच खराच असतो. माझा आक्षेप निराळा आहे. २०२१ साली आलेल्या ‘ला ब्रिया’ या अमेरिकन मालिकेत लॉस एंजेलिस शहरात प्रचंड विवर पडते आणि इमारती, वाहने, माणसे त्यात गडप होतात. आई आणि मुलगा हजारो वर्षे मागच्या काळात जाऊन पडतात. वडील आणि मुलगी वर उरतात. त्यांच्या ताटातुटीने आपले मन हेलावते. पण त्याच विवरात गेलेल्या इतरांची आठवण किती वेळ राहते? एका घराचे दुःख जवळून दाखवताना बाकीच्यांचे दुःख केवळ देखावा होऊन बसते. आपले तेवढे वाचले म्हणजे झाले, ही शिकवण नकळत मनात रुजते. हाच यातला धोका आहे.

हा धोका पडद्यापुरता नाही. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत आपण दोन्ही प्रकारची घरे पाहिली. काही घरांनी भीतीपोटी आजारी शेजाऱ्यालाही दार उघडले नाही. तर काही घरांनी गावाकडे पायी निघालेल्या मजुरांसाठी चुली पेटवल्या. भीती दोघांनाही होती, आणि ती रास्तच होती. फरक होता तो ‘आपले’ या शब्दाच्या अर्थात.

म्हणून अशी मालिका पाहताना कोण वाचले, एवढेच पाहू नये. वाचलेल्यांनी आपल्या घरात आणखी कोणाला जागा दिली, हेही पाहावे. संकटात दार बंद करून घर काही काळ सुरक्षित राहील. पण त्याला घरपण येते ते उघड्या दारानेच.