गादी सरकली म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की एकीची तरी कंबर धरलेली असतेच. ‘एमआरआय काढला, गादी सरकलीय म्हणाले,’ असं ती सांगते आणि बाकीच्यांना वाटतं, झालं, हिचं कामधाम आता कायमचं सुटलं. मला या ‘सरकली’ शब्दाचाच राग येतो. निम्मी भीती त्या शब्दानंच घातलीय.

खरं तर गादी जागची हलत नाही. मणक्यांच्या मधे अशा २३ गाद्या असतात. बाहेरून चिवट कडं, आत मऊ, पाणीदार गर. वयानुसार पाणी कमी होतं, कड्याला चीर पडते आणि गर बाहेर डोकावतो. तो नसेला टेकला की कळ कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत, पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. बहुतेकदा हे कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होतं, कारण भार तिथंच जास्त.

आता दिलाशाची गोष्ट. अमेरिकेतला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक जणांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा निघाला! म्हणजे नुसता रिपोर्ट वाचून हातपाय गाळायचे नाहीत. नस दबली तरी बहुतेकींचं दुखणं दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतरतं. बाहेर आलेला गर शरीर अनेकदा आपणहून जिरवतं. महिनाभर पलंग धरू नका. एक-दोन दिवस विश्रांती पुरे, मग झेपेल तसं चालू लागा. हंडा किंवा बादली कमरेत वाकून नव्हे, तर गुडघे दुमडून, अंगाशी धरून उचला. आणि कुणाकडून पाठीला झटके देऊन घेऊ नका.

पण एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवीच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिना, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. तिथं तातडीनं शस्त्रक्रिया लागू शकते. उशीर झाला तर गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो.

नेमकं हेच आपण लपवतो. ‘बाळंतपणानंतर व्हायचंच असं,’ ‘घरच्या पुरुषांना कसं सांगायचं?’ असं म्हणत दिवस काढतो. कंबर दुखते हे साऱ्या गल्लीला ठाऊक असतं, पण हे डॉक्टरांनाही सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं एकच मागणं आहे. घरात सासूबाई, जाऊबाई, लेक, कुणाचीही कंबर धरली असेल तर शेक-मलमाबरोबर तिला हळूच विचारा, ‘लघवीला नीट होतंय ना?’ प्रश्न अवघड आहे खरा, पण तो बाईनंच बाईला विचारायला हवा.