काळी चारचा पंखा

परवा आईनं माझ्या कॉम्प्युटरला बेसुरा म्हटलं. अगदी शब्दशः!

सांगते. कोथरूडला, डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या घरी आई गेली तीस वर्षं गाणं शिकवतेय. तिच्या गुरूंच्या बंदिशी एका वहीत आहेत. वहीत नुसते शब्द, चाली तिच्या गळ्यात. 'रेकॉर्ड करू या ना' म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. शेवटी एका रविवारी मातोश्री तयार झाल्या. समोरच्या रीडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग बंद होतं, कुकरच्या शिट्ट्या संपल्या होत्या. माईक लावला, तानपुरा लागला, आणि आई म्हणाली, "अगं, हा दुसरा कोण सा लावतोय? आणि तोही चढा?"

हेडफोन लावल्यावर मला कळलं. टेबलाखालचा कॉम्प्युटर!

गणित केलं. प्रोसेसरवरच्या पंख्याला ७ पाती, काम वाढलं की मिनिटाला साधारण १८०० फेरे. म्हणजे सेकंदाला ३०, गुणिले ७, झाले २१० हर्ट्‌झ. आईचा सा काळी चार, म्हणजे जवळपास २०८. दोन सूर इतके जवळ आले की आवाज सेकंदाला दोनदा हेलकावतो. आईनं वही मिटली. "राहू दे. आधी त्याला गप्प कर."

आता आलं टेन्शन. मशीन तसंही म्हातारं झालं होतं, पण फ्रीलान्सरचे चेक कसे येतात हे काय सांगायला हवं? प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम मिळून बजेट ४० हजार. दुकानात गेले तर सेल्सवाला म्हणाला, "मॅडम, म्युझिक ना? गेमिंगचंच घ्या, एकदम टॉप!" लाल-निळे दिवे बघून मी जवळजवळ भुललेच होते.

वाचवलं एका साउंड इंजिनिअर मित्रानं. त्याचा फंडा साधा आहे. पंखा ओरडतो कारण प्रोसेसर तापतो. तेव्हा आधी कमी तापणारा प्रोसेसर शोधा, पंख्याचं नंतर बघू. एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि ७६००एक्स, दोघांनाही सहा-सहा कोअर. पहिला ६५ वॉटचा, दुसरा १०५ वॉटचा. वेगात फरक थोडाच, उष्णतेत मात्र भरपूर. शिवाय एका ट्रॅकवरचे इफेक्ट्स एकामागून एक चालतात, ते बहुतेक वेळा एकाच कोअरवर. म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती चपळ हे आधी बघायचं. सेकंदाला ४८ हजार सॅम्पल्स आणि १२८ चा बफर ठेवला, तर प्रत्येक घास तीन मिलिसेकंदांच्या आत संपवावा लागतो. नाही संपला, तर गाण्यात 'टक्‌' आवाज येतो. अर्थात शंभर ट्रॅकचा ऑर्केस्ट्रा करणार असाल तर जास्त कोअर घ्या. आमच्याकडे एक आई आणि एक तानपुरा!

७६०० चा अजून एक फायदा म्हणजे डिस्प्लेची सोय आतच आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, त्याचा पंखाही नको. नावामागे 'एफ' असलेले प्रोसेसर टाळा, त्यांच्यात ही सोय नसते.

मग मदरबोर्ड. इथे पत्रिका जुळवावीच लागते, बॉस! ७६०० ला एएम५ सॉकेट लागतं, म्हणून बी६५० चिपसेटचा बोर्ड घेतला. एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, त्यामुळे माझी जुनी १६ जीबी डीडीआर४ बाद. ती वाचवायचीच असेल तर इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीसाठी डीडीआर४ चे बोर्ड मिळतात. आणि रायझनची ९००० मालिका घेणार असाल, तर बी६५० च्या जुन्या स्टॉकवर आधी बायोस अपडेट लागतो. नाहीतर सगळं जोडायचं आणि काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचं. शिवाय बोर्डवर स्वतःचा छोटा पंखा नको, आणि पंख्यांसाठी चार पिनांची कनेक्शन्स हवीत, म्हणजे वेग आपल्या हातात राहतो.

बॉक्समधला कूलर बुटका असतो, त्याला जोरात फिरावं लागतं. मी १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घेतला. हे कूलर १६ सेंटिमीटरपर्यंत उंच असतात, म्हणून आधी आईच्या फूटपट्टीनं कॅबिनेट मोजलं. साडेसोळा. बचावले! मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा देतो. बायोसमध्ये तो मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ठेवला.

गेल्या रविवारी पुन्हा तानपुरा लागला. आई मिनिटभर डोळे मिटून बसली. मी श्वास रोखून. मग "हं" म्हणाली आणि तिनं वही उघडली.

अंतऱ्याला खालच्या मजल्यावरचा कुकर वाजला, तो भाग पुन्हा घ्यावा लागला. कुकरला कुठे बायोस असतो? पण वहीतली पहिली बंदिश आता फक्त आईच्या गळ्यात नाही. पुढचा रविवार बुक आहे.