हूडची हवा कोणाची?



मी गिरणीतला माणूस. रंगखात्याची वाफ छातीत भरून कविता लिहितो. केमिस्ट्री मी वर्गात नाही शिकलो, मामाच्या हातावरच्या डागांवरून शिकलो. मामा भातकुलीचा. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर.

तिथं भिंतीला काचेचं कपाट आहे. फ्यूम हूड म्हणतात. पंखा आतली हवा ओढतो अन् नळीतून छपरावर फेकतो. काच खाली ओढून काम केलं तर विषारी वाफ नाकापर्यंत येत नाही. एवढंच त्याचं काम. वाफ तो गिळत नाही, दुसरीकडे ढकलतो. पंखा बंद झाला की ते नुसतं कपाट.

त्याच कपाटात वर्षभराचा कचरा कोंबतात. उरलेलं अ‍ॅसिड, क्लोरोफॉर्म, अ‍ॅसिटोन. झाकण नाही, नाव नाही. म्हणे, उडून जाईल! कुठं उडणार? छपरावर. अन् छपरावर टाकी धुवायला कोण चढतो? संध्याकाळी पंखा बंद. सकाळी दार मामा उघडतो. म्हणतो, "पोट्टे टाकून जातेत, अन् सकायी डोये माहे जयतेत."

नायट्रिक अ‍ॅसिडच्या बाटलीत अ‍ॅसिटोन पडलं तर बाटली फुटू शकते. हे पोरांच्या पुस्तकात आहे. मामाला कोणी सांगितलं नाही.

मी हूडचा वैरी नाही. कचरा ओतताना वाफ उठते. ते ओतणं हूडमध्येच, पंखा सुरू ठेवून व्हावं. पण मग झाकण लावा. नाव अन् तारीख लिहा. क्लोरोफॉर्मसारखे द्रव वेगळे, अ‍ॅसिटोनसारखे वेगळे, अ‍ॅसिड वेगळं, पारा-शिसं वेगळं. अन् बाटल्या साठू न देता रीतसर विल्हेवाटीला पाठवा. बेसिनमध्ये ओतू नका. आमची भातकुली खारपाणपट्ट्यातली. खारं पाणी म्हणजे काय, ते आम्हाला शिकवू नका.

हा प्रश्न एका मामाचा नाही. 2010 साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं. आत कोबाल्ट-60 होतं. मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते कापलं. एक कामगार किरणोत्सर्गानं मेला, बाकीचे दवाखान्यात. विद्या विद्यापीठाची, मरण भंगारवाल्याचं!

घाण करणारा स्वच्छ अन् घाण उचलणारा घाणेरडा, हा हिशेब आपण ओळखतो. 2013 चा कायदा माणसाच्या मैल्याबद्दल बोलतो. बाटलीतला मैला कोणाच्या डोक्यावर?

तुमच्यातले कितीतरी जण बीएस्सीला आहेत. पांढरा कोट घालता, घाला. तो आपण लढून मिळवला. पण आपली बाटली आपण भरा, आपण झाका, आपण लिहा. प्राचार्यांना विचारा, परिचराला हातमोजे, चष्मा अन् शिक्षण दिलं का? उत्तर लेखी मागा.

1927 साली महाडला आपण पाण्यासाठी गेलो. हवाही तळंच आहे. तीही सगळ्यांची.