पूर ओसरतो, गाळ राहतो

औंध-खटावचा टापू अवर्षणाचा. तेथून पाहता कृष्णेचा महापूर ही परमुलखातील आपत्ती वाटते. परंतु याच टापूचे पाणी येरळेवाटे ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते आणि सांगलीस पोहोचते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. २००५ व २०२१ मध्येही शहराने महापूर सोसला. अशा वेळी घरे, जनावरे, पिके यांचे पंचनामे होतात. शेतात ३ इंचांहून अधिक गाळ साचल्यास तो काढण्यास आपत्तीनिधीतून मदतही मिळते. म्हणजे गाळाची जाडी मोजली जाते; त्यात काय आहे, हे पाहिले जात नाही.

पुराने नदी-नाले स्वच्छ होतात, हा समज अर्धसत्य आहे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, जस्त हे धातू कुजत नाहीत. कारखाने, वाहने व सांडपाणी यांतून आलेले धातू शहरी नाल्याच्या तळाशी बारीक मातीच्या कणांना चिकटून राहतात. पुराचा लोंढा तो तळ खरवडतो. नाल्यातील प्रमाण त्यामुळे कमी झालेले दिसेलही. पण धातू नाहीसे झालेले नसतात, त्यांनी केवळ जागा बदललेली असते. शिवाय तळाशी प्राणवायूविना दबलेला गाळ ढवळला गेला की त्यातील काही अंश पाण्यात विरघळतो. जर्मनीत ऑगस्ट २००२ च्या एल्ब नदीच्या पुरात जुन्या खाणींचे आर्सेनिक व शिसे मुल्डे या उपनदीच्या काठच्या कुरणांवर पसरले होते.

सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी हे जुनेच गाऱ्हाणे. महापुरात कृष्णेची फुग नाल्यांतून मागे चढते आणि दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट यांसारख्या सखल वस्त्यांत पाणी संथ होऊन थांबते. संथ पाण्यातच बारीक गाळ बसतो, आणि धातू वाहण्याची शक्ती त्याच्यातच सर्वाधिक असते. उरलेला खालच्या गावांच्या मळ्यांत जातो.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. सांडपाणी शुद्ध न करता सोडल्याने वाचलेला खर्च एकाच्या पदरी पडतो; त्याची किंमत मात्र खालच्या अंगाचा शेतकरी नापीक मातीने आणि दूषित भाजीने फेडतो. त्याला हे कळण्याची सोयही नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ निकष आहेत. जस्त व तांबे त्यांत पोषकद्रव्ये म्हणून येतात, शिसे आणि कॅडमियम नाहीत.

उपाय अवाढव्य नाही. नाल्यांच्या तळगाळाची पावसाळ्यापूर्वी व पुरानंतर तपासणी व्हावी, पूरबाधित शेतांच्या पत्रिकेत या दोन धातूंची भर पडावी आणि उपसलेला गाळ तपासल्यावाचून शेतात टाकू नये. पंचनाम्यावर जो खर्च होतो, त्याच्या तुलनेत हा अल्पच ठरेल. पाणी उतरल्याने संकट टळले असे मानणाऱ्या समाजाला पुढील पिढ्यांचे देणे चुकत नाही.