त्रिशूळ की घोडा?

इटलीतले मोदेना शहर आणि तिथून वीसेक किलोमीटरवरचे मारानेल्लो गाव. शहरात मासेरातीचा त्रिशूळ, गावात फेरारीचा उधळलेला घोडा. एवढ्याशा टापूत दोन मातब्बर घराणी नांदू लागल्यावर भाऊबंदकी आलीच! तिच्यातूनच दोन देखण्या मोटारी जन्मल्या : १९६६ साली तुरिनच्या प्रदर्शनात मासेरातीची गिब्ली आणि १९६८ साली पॅरिसला फेरारीची डेटोना.

डेटोनाचे कागदोपत्री नाव निराळेच आहे, नुसत्या आकड्या-अक्षरांचे. पण १९६७ साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते. लोकांनी ते नाव या गाडीला चिकटवले आणि ते टिकले. पुढे बारा सिलिंडरचे, ४.४ लिटरचे इंजिन; वजनाचा तोल राहावा म्हणून गिअरपेटी थेट मागच्या चाकांपाशी. वेग ताशी २८० किलोमीटर! १९७१ साली डॅन गर्नी आणि ब्रॉक येट्स या जोडीने न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाचा किनारा छत्तीस तासांच्या आत गाठला, तो हिच्यातूनच. मात्र गल्लीबोळात हिचे सुकाणू फिरवायचे म्हणजे तालीम केलेले दंड हवेत.

गिब्ली हे वाळवंटी वाऱ्याचे नाव. तिचा देह रेखाटला तेव्हा जॉर्जेत्तो जुजारो यांनी तिशीही ओलांडली नव्हती. इंजिनाचे तेल त्याच्या पोटाखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवले, म्हणून इंजिन खाली बसले आणि नाक इतके बसके, इतके लांब करता आले. इंजिन आठ सिलिंडरचे. मागे मात्र चक्क पाट्यांच्या स्प्रिंगा, मालट्रकला असतात तशा! जाणकार इथेच नाक मुरडतात.

परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "यांतली कोणती घेऊ?" दुसऱ्याच्या पैशाने मोटार निवडण्यासारखे सुख नाही, वाचकहो! बाजार डेटोनाच्या बाजूने आहे. तिला किंमत बरीच अधिक येते. पण जी विकायचीच नाही, तिच्या बाजारभावाशी आपल्याला काय करायचे? शेजारी पत्नीला बसवून, सामान घेऊन दूरचा पल्ला गाठायचा, तर मी गिब्लीच म्हणेन. रस्ता मात्र गुळगुळीत हवा.

तरीही घोड्यावरच मन बसले असेल, तर सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी ताडून पाहा. उघड्या टपाची डेटोना दिसली, तर दुप्पट सावध व्हा. कारखान्याने तशा जेमतेम सव्वाशे केल्या. पुढे कित्येकांनी बंद गाड्यांचे टप कापून त्या 'उघड्या' बनवल्या. टप कापलेली गाडी अस्सल म्हणून गळ्यात पडली, तर जन्माची पुंजी गेली म्हणून समजा.

गिब्लीच्या पेट्रोलच्या टाक्या दोन, डावी-उजवी, मिळून शंभर लिटरच्या. पंपावर एकच झाकण उघडून निघू नका.