अझीझची न लिहिलेली कविता

इ. एम. फॉर्स्टर यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी १९२४ साली आली. तिला शंभर वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात समीक्षक मंडळींनी मराबारच्या गुहेतल्या प्रतिध्वनीवर किती शाई सांडली असेल, याचा हिशेब नाही. गुहेत नेमके काय घडले? प्रोफेसर गोडबोले हे कशाचे प्रतीक? गोडबोल्यांचे नाव मराठी, ओठांवर तुकोबांचा धावा. मराठी वाचकाला ते जवळचे वाटणार, हे आम्ही समजू शकतो. पण डॉ. अझीझचे काय? भावनाप्रधान, उतावळा, संशयी मुसलमान, असा शेरा मारला की त्याची फाईल बंद!

हा अझीझ शायर आहे. आजारी पडून अंथरुणावर असताना तो गालिब म्हणतो आणि खोलीतली भांडणारी माणसे गप्प होतात.

खटल्यातून सुटल्यानंतर त्याच्याकडे मॅजिस्ट्रेट दास येतात. खटला यांच्याच समोर चाललेला. दास दोन गोष्टी मागतात: नागिणीवर औषध आणि मेव्हण्याच्या नव्या मासिकासाठी कविता. अझीझ विचारतो, मासिक हिंदूंसाठी आहे ना? दास म्हणतात, नाही, सर्व भारतीयांसाठी. असा सर्वसाधारण भारतीय अस्तित्वातच नाही, असे अझीझ म्हणतो. त्यावर दास फार सुंदर उत्तर देतात: तुम्ही कविता लिहिलीत की कदाचित तो जन्माला येईल. मात्र जाता जाता एक अट घालतात. फारसी शब्द फार नकोत आणि बुलबुल जरा कमी!

ही अट आमच्या चांगल्या ओळखीची आहे. “तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान लिहिता” या शाबासकीच्या पाठोपाठ ती येते. दास काही वाईट गृहस्थ नाहीत. अझीझला सोडले ते त्यांनीच. म्हणूनच ती अट अधिक टोचते. गुहेचा अंधार उपसणाऱ्यांना भर दिवसा, दवाखान्यात घडलेला हा प्रसंग थांबण्याजोगा वाटू नये?

निरद चौधुरींनी तर १९५४ साली ‘एन्काउंटर’मध्ये कादंबरीचा नायक मुसलमान असण्यावरच आक्षेप घेतला. असल्या अझीझला आपण आपला उंबरठाही ओलांडू दिला नसता, असेही लिहिले. फॉर्स्टरचे भारतीय लाचार आहेत, हे त्यांचे म्हणणे वादासाठी मान्य करू. पण भारताची गोष्ट सांगायला मुसलमान चालत नाही, हा कुठला समीक्षेचा निकष?

मुळात फॉर्स्टरांना भारत दिसला तो कोणामुळे? कादंबरी ज्यांना अर्पण केली आहे, त्या सय्यद रॉस मसूद यांच्यामुळे. सर सय्यद अहमद खान यांचे हे नातू. १९०६ साली फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवू लागले आणि दोस्ती जमली. पुढे मसूद हैदराबाद संस्थानाचे शिक्षणप्रमुख झाले. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे करण्यात त्यांचा हात होता. उर्दू शाळेत खडू धरणाऱ्या आम्हाला या नात्याचे अप्रूप वाटणारच. त्याच संस्थानातल्या औरंगाबादला १९१३ साली फॉर्स्टर एका तरुण मुन्सफाकडे उतरले होते. तुम्हाला आम्ही एक दिवस हाकलून देऊ, हा त्याचा संताप त्यांनी तिथे ऐकला. कादंबरीच्या शेवटी घोड्यावरचा अझीझ फील्डिंगला तेच सुनावतो. गोडबोल्यांचे मूळ देवासच्या गोकुळाष्टमीत शोधणाऱ्यांनी अझीझसाठी औरंगाबादचीही वाट धरावी.

फॉर्स्टरांचेही सगळेच आम्हाला पटत नाही. अझीझच्या तोंडून हिंदूंबद्दल जे हलके उद्गार निघतात, ते त्यांना गंमतीचे वाटत असावेत. आम्हाला वाटत नाहीत.

पण ती कविता? अझीझ लिहायला बसतो आणि अडतो. भविष्याचे गाणे धर्मापलीकडचे हवे, हे त्याला कळते. मग ते लिहायचे कोणत्या भाषेत? कविता शेवटपर्यंत लिहून होत नाही. फक्त मातृभूमी नावाचे काहीतरी धूसर, अवजड त्याच्या मनात आकार घेऊ लागते. हे सारे तिसाव्या प्रकरणात आहे. यापुढे गुहेवर निबंध वाचायला कोणी उभे राहिले, तर आम्ही आधी त्यांच्यापुढे तेच पान उघडून ठेवणार आहोत.