विश्लेषण : अकरावीला फ्रेंच घ्यायची आहे? पहिल्या वर्षी अपेक्षा कशाची ठेवायची?

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली. त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा विद्यार्थीही आता मोबाइलवर अंबाजोगाई, लातूरसोबत पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांचे पर्याय पाहतो. तिथे इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा निवडताना मराठी, हिंदी, संस्कृतच्या शेजारी फ्रेंच आणि जर्मनही दिसतात. ‘फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे,’ असा सल्ला देणारे चार जण लगेच भेटतात. त्या वर्गात गेल्यावर काय करावे लागेल, हे मात्र कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी राज्यात तिसऱ्या भाषेवरून मोठा वाद झाला. पहिलीपासून हिंदीबाबतचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जूनला रद्द केले. त्या वादात ‘कोणती भाषा’ यावर भरपूर बोलले गेले. त्या भाषेच्या तासाला बसलेल्या मुलाकडून वर्षअखेर काय यायला हवे, हा प्रश्न मागेच राहिला. फ्रेंचबाबतही तेच घडते आहे.

फ्रेंच कुठे आणि कशी शिकवली जाते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांची नावे आहेत : कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन. महाराष्ट्रात फ्रेंच त्याआधीपासूनच आहे. सीबीएसईच्या अनेक शाळांत ती मधल्या इयत्तांपासून शिकवली जाते. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीला ती नव्याने घेता येते.

अडचण इथेच सुरू होते. शहरातल्या ज्या मुलाने शाळेत तीन-चार वर्षे फ्रेंच केली आहे, तो अकरावीला पुन्हा तीच भाषा घेतो. त्याच बाकावर ज्याने फ्रेंच कधी कानानेही ऐकलेली नाही, असा मुलगा बसतो. शिक्षक पहिल्याला पाहून वेग धरतात आणि दुसरा गाइड पाठ करू लागतो. वर्ग ‘नवशिक्यांचा’ असेल तर तो खरोखर नवशिक्यांचा असावा, ही पहिली अपेक्षा महाविद्यालयाकडून ठेवायला हवी.

पहिल्या वर्षाच्या शेवटी काय यायला हवे?

याला जगभर मान्य असलेले उत्तर आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा येण्याच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. नवशिक्याची पायरी म्हणजे ए-१. तिथे पोहोचायला साधारण ६० ते १०० तासांचे शिक्षण लागते असे मानले जाते. शाळेतल्या एका वर्षाचा हिशेब त्याच्या आसपास येतो.

ए-१ म्हणजे काय? स्वतःची ओळख करून देणे, समोरच्याला नाव-गाव विचारणे, घरच्यांबद्दल दोन-चार वाक्ये सांगणे, किंमत, वेळ आणि तारीख विचारणे, दुकानात हवी ती वस्तू मागणे, साधी पाटी किंवा छोटा निरोप वाचणे. समोरचा सावकाश बोलला तर समजणे, एवढेच. निबंध, कविता किंवा व्याकरणाची मोठी कोष्टके या पायरीवर अपेक्षित नाहीत.

या पायरीची फ्रान्स सरकारची अधिकृत परीक्षा म्हणजे ‘देल्फ ए-१’. तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशा चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ५० गुण लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५ मिळवावेच लागतात. म्हणजे कितीही छान लिहिले, तरी तोंड उघडले नाही तर उमेदवार नापास. आपल्याकडे भाषेच्या लेखी परीक्षेला ८० गुण, आणि तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला मिळून २०. मुले जिथे गुण असतात तिथेच कष्ट करतात. म्हणून बारावीला फ्रेंचमध्ये नव्वदच्या पुढे गुण मिळवूनही ‘तुझे नाव काय?’ याचे उत्तर देताना अडखळणारा विद्यार्थी तयार होतो. दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.

मराठी माध्यमाच्या मुलाला ही भाषा जड जाईल का?

हा धाक सर्वात मोठा आणि बराचसा अनाठायी आहे. ‘इंग्रजीच धड येत नाही, फ्रेंच कुठली येणार?’ असे घरात म्हटले जाते. प्रत्यक्षात फ्रेंचच्या काही गोष्टी इंग्रजीतून येणाऱ्यापेक्षा मराठीतून येणाऱ्याला सोप्या जातात.

पहिली गोष्ट लिंगाची. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग असते. इंग्रजीभाषकाला याचा फार त्रास होतो, कारण निर्जीव वस्तूला लिंग कशाला, हेच त्याला कळत नाही. मराठी मूल मात्र ‘तो दरवाजा, ती खिडकी, ते घर’ असे तीन लिंगे घेऊनच बोलायला शिकते. अर्थात लिंगे जुळतीलच असे नाही. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, पण फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आणि घरही स्त्रीलिंगी. म्हणून शब्द एकटा पाठ करायचा नाही. त्याच्यापुढचे ‘ल’ किंवा ‘ला’ यांच्यासकटच पाठ करायचा.

दुसरी गोष्ट विशेषणांची. ‘मोठा मुलगा, मोठी मुलगी’ हे आपण विचार न करता म्हणतो. फ्रेंचमध्ये तेच ‘ग्रां’ आणि ‘ग्रांद’ होते. ‘तो गेला, ती गेली’ हा फरकही फ्रेंच लिहिताना करावा लागतो.

तिसरी, आदरार्थी बोलण्याची. फ्रेंचमध्ये मित्राला ‘त्यू’, शिक्षकांना किंवा अनोळखी माणसाला ‘वू’. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखेच. या दोन्ही भाषा एकाच मोठ्या भाषाकुळातल्या असल्याने साताला ‘सेत’ आणि नवाला ‘नफ’ ऐकू आले तर नवल वाटायला नको.

चौथी, उच्चारांची. इंग्रजी ‘टी’ आपण ‘ट’ म्हणतो. फ्रेंचचा ‘टी’ मात्र दातांवर जीभ टेकवून म्हटलेला आपला ‘त’ आहे आणि ‘डी’ हा ‘द’.

आणि पाचवी, आकड्यांची. फ्रान्समध्ये ७० ला ‘साठ-दहा’, ८० ला ‘चार वीस’ आणि ९० ला ‘चार वीस दहा’ म्हणतात. इंग्रजी माध्यमातली मुले हे ऐकून डोके धरतात. आपल्या खेड्यांत मात्र शाळेत न गेलेल्या आजीने पैसे किंवा शेंगा ‘चार विसा’ अशा मोजलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या मोजणीत परके काहीच वाटणार नाही.

मग अवघड काय?

लिहिणे आणि उच्चारणे यांतले अंतर. आपण ‘पॅरिस’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘पारी’ म्हणतो. शेवटचे अक्षर लिहायचे, पण बहुधा बोलायचे नाही. तीन अक्षरे मिळून एकच ‘ओ’ होतो. घशातून येणारा ‘र’ आणि नाकातले स्वर सरावाने बसतात. ओठ ‘ऊ’सारखे गोल करून ‘ई’ म्हणायचा एक स्वर आहे, तो तर आरशासमोर उभे राहूनच जमतो. हे सगळे डोळ्यांनी शिकता येत नाही, ते कानाने आणि तोंडाने शिकावे लागते.

दुसरी अडचण आपणच निर्माण केलेली आहे. फ्रेंच बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवली जाते. मराठी माध्यमातल्या मुलाला आधी इंग्रजी स्पष्टीकरण समजून घ्यावे लागते, मग फ्रेंच. त्याच्याकडे लिंग, वचन आणि आदरार्थी क्रियापद यांचे तयार भांडवल असते, पण वर्गात ते वापरलेच जात नाही. शिक्षकाने दिवसातून दोन वाक्ये ‘आपल्या मराठीत जसे आहे तसेच’ एवढे म्हटले, तरी अर्धी भीती जाते.

विद्यार्थ्याने काय करायचे?

यादी छोटी आहे, पण पाळावी लागते.

पहिल्या दिवसापासून मोठ्याने बोलायचे. चूक होणारच आणि नवशिक्यांच्या वर्गात चूक हा अभ्यासाचाच भाग आहे. कोणी हसले तर थांबायचे नाही.

रोज वीस मिनिटे द्यायची. रविवारी एकदम तीन तास बसून भाषा येत नाही. भजनाची चाल जशी रोज म्हणून बसते, तशीच ही.

तास बुडवायचा नाही. पुस्तक नंतर वाचता येते. वर्गातले संभाषण मात्र पुन्हा मिळत नाही.

मोबाइल कानासाठी वापरायचा. आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचा आणि ‘टीव्ही-५ मोंद’ या वाहिनीचा नवशिक्यांसाठीचा भाग इंटरनेटवर मोफत आहे. भाषांतराचे अ‍ॅप शब्द शोधायला ठीक. गृहपाठ त्याच्याकडून करून घेतला, तर तोंडी परीक्षेत पितळ उघडे पडते.

आणि स्वतःविषयी बोलायला शिकायचे. पुस्तकातले मूल पॅरिसच्या मेट्रोने शाळेत जाते. धर्मापुरीच्या मुलीने ‘मी धर्मापुरीची. आमच्या गावात केदारेश्वराचे जुने मंदिर आहे. बाबा शेती करतात,’ ही तीन वाक्ये फ्रेंचमध्ये स्वतः जुळवली, तर ती पाठ केलेल्या पानभर उताऱ्यापेक्षा मोलाची.

पालकांनी काय विचारायचे?

प्रवेशाआधी महाविद्यालयाला तीन प्रश्न जरूर विचारावेत. फ्रेंचचा नियमित शिक्षक आहे का? आठवड्याला किती तास प्रत्यक्ष होतात? विषय यादीत आहे पण ‘बाहेर शिकवणी लावा’ असे तर सांगितले जाणार नाही ना? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या शिकवणीची फी घरच्या हिशेबात आधीच धरावी.

नोकरीच्या आश्वासनांबाबतही डोळे उघडे ठेवावेत. फ्रेंच ही जगातली मोठी भाषा आहे. फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तिचे सुमारे ३२.१ कोटी बोलणारे आहेत आणि त्यांतले बरेच आफ्रिकेत आहेत. २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी आपल्या देशात यावेत, असे उद्दिष्ट फ्रान्सने जाहीर केले आहे. कॅनडाच्या स्थलांतर प्रक्रियेत फ्रेंचला वेगळे महत्त्व आहे. हे सगळे खरे. पण फ्रेंचमधून पदवी शिकायची तर सामान्यतः बी-२ पायरी लागते. ए-१ हे दार आहे, घर अजून तीन पायऱ्या लांब आहे. ‘सहा महिन्यांत फ्रेंच, मग परदेश’ अशा जाहिरातीला भुलून पैसे भरू नयेत.

मग शिकायची कशासाठी?

याचे उत्तर आपल्याच भागात सापडते. गी प्वातवँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ पुण्यात आले, मराठी शिकले आणि इथलेच झाले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ फ्रेंचमध्ये नेले तेही प्वातवँ यांनीच. त्याआधी १९५६ मध्ये गी दलरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचवले होते.

ही माणसेही कधीतरी मराठीच्या पहिल्या धड्यावर अडखळलीच असतील. त्यांनी भाषा घेतली ती कोणाचे तरी ऐकण्यासाठी, आणि ऐकलेले आपल्या माणसांना सांगण्यासाठी. उलट्या दिशेचा रस्ता मात्र अजून बराच रिकामा आहे. मुकुंदराजांच्या अंबाजोगाईच्या परिसरातल्या मुलांना तो चालता येणार नाही, असे मानण्याचे काही कारण नाही.

म्हणून मंडळाने आणि महाविद्यालयांनी दोन गोष्टी कराव्यात. नवशिक्यांच्या फ्रेंच वर्गात बोलण्याला आणि ऐकण्याला लिहिण्याइतकेच गुण द्यावेत, आणि आधी शिकलेल्यांचा वर्ग वेगळा ठेवावा. विद्यार्थ्याने वर्षअखेर एकच कसोटी लावावी : समोर फ्रेंच माणूस आला, तर पुस्तक न उघडता मी त्याच्याशी पाच मिनिटे बोलू शकतो का? याचे उत्तर ‘हो’ असेल तर गुणपत्रिकेवर काहीही असो, वर्ष सार्थकी लागले.